लाभ, दोन, तीन

कोपरला, खाडीकडच्या अंगाला, आता जिथे इमारतींच्या गच्च्यांवर काळ्या टाक्यांची रांग दिसते, तिथे सगुणा कोळणीचं कौलारू घर होतं. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे शेणाने सारवलेला भलामोठा ओटा. त्या ओट्यावर सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत सहा-सात पोरं असायची, सगळी पाचाच्या आतली, आणि त्यातलं एकही घरी जायला तयार नसायचं. आया कामावरून दमूनभागून यायच्या आणि पोरं म्हणायची, "थांब ना आई, माझा मासा अजून भाजायचाय." मासा म्हणजे कणकेचा बरं का. खरा मासा त्या घरात दिवसाउजेडी शिजायचाच नाही, आणि तेही कोळ्याच्या घरात! त्याचंही एक कारण होतं.

सगुणा शिकलेली बाई नव्हती. दुसरीत होती तेव्हा आईने डोक्यावर मासळीची पाटी दिली, ती चाळिशीपर्यंत उतरली नाही. नवरा दामाजी खाडीत जाळं टाकायचा, ही दारोदार विकायची. मग खाडीचं पाणी वर्षागणिक काळं पडत गेलं, जाळ्यात माशापेक्षा गाळ जास्त यायला लागला, आणि इकडे सगुणाची मान पाटीखाली धरायला लागली. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती स्वतःहून बोलत नसे, आणि कुणी चौकशी केलीच तर असं काही सुनावायची की तो माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे.

समोर नवी बिल्डिंग झाली, तिच्यात तिसऱ्या मजल्यावर मालन शिंदे राहायला आली. ती आणि तिचा नवरा महिपत, दोघंही साताऱ्याकडची. मालन ठाण्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दर रविवारी सगुणाकडून कोलंबी घ्यायची आणि घासाघीस करताना पोटातलं सगळं सांगून टाकायची. चौऱ्याऐंशी सालच्या एका रविवारी ती कोलंबी न घेता नुसतीच दारात उभी राहिली. सासू गावाला निघून गेलेली, कडेवर दहा महिन्यांची शालू, आणि बाळंतपणाची रजा कधीच संपलेली.

"मावशी, तुम्हीच ठेवता का हिला? दोन-चार दिवस. दुसरी सोय होईपर्यंत."

ते दोन-चार दिवस चार वर्षं चालले.

शालूच्या मागोमाग बाकीची आली. एक दिवस ठेवून बघू म्हणत सगळ्या आल्या आणि ठेवूनच गेल्या. त्यात दोन घरं होती शाकाहारी. त्यांनी अट घातली, पोरं असताना घरात मासळी शिजवायची नाही. सगुणाने कबूल केलं. आता दामाजीची अवस्था बघा! दुपारी खाडीवरून यायचा आणि ताटात तोंडल्याची भाजी.

"कोल्याच्या घरात तोंडली!" तो कपाळाला हात लावायचा. "माझा बाप वर बसून काय बोलत असंल?"

"तुझा बाप बोलंल ते बोलू दे. तू जेव."

आणि तो मुकाट जेवायचा. शिवाय शालू त्याच्या मांडीवर बसून त्याच्या ताटातली तोंडली पळवायची, ते त्याला मनातून आवडायचं.

खेळणी म्हणाल तर त्या घरात एक नव्हतं. मग पोरं करायची काय? सगळं करायची! भेंडी चिरली की देठाकडचा तुकडा सगुणा पोरांना द्यायची. तो हळदीच्या पाण्यात नाहीतर निळीत बुडवायचा आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दाबायचा, की उमटलं फूल. दामाजी झावळी आणायचा, तिच्या पात्यांची मनगटावरची घड्याळं व्हायची, चष्मे व्हायचे, भिरभिरी व्हायची. रिकाम्या काड्यापेट्या दोऱ्यात ओवून आगगाडी, तिच्यात चिंचोक्यांचे उतारू, आणि तीन वर्षांचा भगवान नावाचा एक गोळा तोंडाने "ठाऽऽणा, कळवाऽऽ, मुंब्राऽऽ" करत ती ओट्यावरून ओढायचा. पावसाळ्यात बाहेर पडता येत नसे तेव्हा कणकेचा गोळा प्रत्येकाच्या हातात. त्याचे मासे करायचे, मिऱ्याचा डोळा लावायचा, काडीने खवले काढायचे आणि तव्यावर भाजायचे. शाकाहारी घरांच्या आयांनी त्या माशांना हरकत घेतली नाही, हे त्यांचे उपकारच म्हणायचे.

खाण्याचंही तसंच. घरी एक घास खाताना तीन खोल्या फिरवणारी पोरं इथे पानं चाटूनपुसून साफ करायची. सगुणाचा एकच मंतर होता, जे खायचं त्याला पोरांचा हात लागला पाहिजे. घावनाचं पीठ पोरांनी ढवळायचं, मटार पोरांनी सोलायचे, मऊ भातावर मेतकूट पोरांनीच भुरभुरायचं. अर्धं जमिनीवर सांडायचं, अर्धं नाकाला लागायचं. सगुणा ओरडायची, पण तिचं ओरडणं एवढं गोड की पोरं मुद्दाम सांडायची.

आणि शनिवारी नाचणीचे लाडू. हा मोठा सोहळा! नाचणी भाजण्याचा वास अख्ख्या गल्लीत जायचा. भाजलेलं पीठ मोठ्या परातीत घ्यायचं ते मापाने. सगुणाच्या आईचं पितळेचं चिपटं होतं, धान्य मोजायचं जुनं छोटं माप. पोरं गोल बसायची, शालू चिपटं भरायची, कपाळाला लावायची आणि परातीत ओतताना सगळ्यांनी एका सुरात मोजायचं, "लाभ! दोन! तीन! चार!"

पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. हे काही सगुणाने शोधून काढलेलं नव्हतं. खळ्यावर भात मोजताना, दुकानात गोणी रिकामी करताना जुनी माणसं अशीच मोजत आली. पोरांनी का म्हणून विचारलं तर सगुणा सांगायची, "एक बोललं का ते एकलं रातं. लाभ बोललं का मागून दुसरी येतात." पोरांना ते इतकं पटलं की ती शिंपले मोजायची तेही लाभपासून, आणि जिन्याच्या पायऱ्या चढायची त्याही लाभपासून. मग गूळ, तूप, वेलची, आणि लाडू वळायचे. कुणाचा लिंबाएवढा, कुणाचा वीट ठेवल्यासारखा चपटा. शालूचा मात्र गोल गरगरीत. चार वर्षांची चिमुरडी वीसपर्यंत न चुकता मोजायची आणि मोठ्या बाईसारखा लाडू वळायची. सगुणाला तिचा केवढा अभिमान!

अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीपासून मालनच्या डोक्यात एकच घोळ सुरू झाला. शालूला स्टेशनपलीकडच्या इंग्रजी शाळेत घालायचं. आता हिला हसू नका. कारखान्यात तिच्यामागून आलेली मुलगी सुपरवायझर झाली होती, का, तर ती साहेबाशी इंग्रजीत बोलायची. मालन तिच्याच हाताखाली बाटल्या खोक्यात भरत होती. "मावशी, माझ्या पोरीने खोकी भरायची नाहीत," ती म्हणायची आणि तिचे डोळे भरून यायचे.

मुलाखतीच्या दिवशी सगुणाने शालूच्या हातावर दहीसाखर ठेवली. वेणी घालून दिली, रिबिनी बांधल्या. "मॅडम विचारतील तं घाबरू नको हं, बाय. तुला सगलं येतं." दिवसभर तिचं लक्ष रस्त्याकडे. दुपारी दामाजीच्या ताटात मीठ दोनदा पडलं, त्याने ते तसंच खाल्लं.

संध्याकाळी मालन आली ती तरातरा. शालूचा हात धरलेला, पोरीच्या एका वेणीची रिबीन सुटलेली.

"काय शिकवलंत मावशी माझ्या पोरीला?"

सगुणा पिठाच्या हातानेच उठली. "काय झाला गं?"

"मॅडमनी वाटीत मणी दिले, मोज म्हणाल्या. हिने काय करावं? वाटी कपाळाला लावली आणि म्हणाली, लाभ! मॅडम म्हणाल्या, बाळ, एक म्हण. तर म्हणते कशी, पहिल्याला एक नाही म्हणायचं, ते एकलं राहतं! सगळ्या हसायला लागल्या हो. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गेली ॲडमिशन! घेत नाही म्हणून सांगितलं त्यांनी."

 शालू आपली बाजू सांगायला पुढे झाली. "मावशी, मी वीसपर्यंत मोजलं. आणि मॅडमनी विचारलं कोण शिकवतं, तर आई म्हणाली, सांभाळणारी बाई आहे, मासळीवाली. अडाणी आहे." मग तिने विचारलं, "मावशी, अडाणी म्हणजे काय?"

ओट्यावरची सहाही पोरं बघत होती. मालनचा चेहरा पडला, पण बाण सुटला होता. "उद्यापासून हिला पाठवणार नाही मी," असं म्हणून ती शालूला ओढत घेऊन गेली.

पोरगी समोरच्याच बिल्डिंगीत होती, ते आणखी वाईट. मालनने तिला चौथ्या मजल्यावरच्या एका टीचरकडे ठेवलं. तिथे सकाळ-संध्याकाळ पाटी आणि ए बी सी डी. दुपारी शालू गॅलरीच्या गजांना धरून उभी राहायची आणि हाका मारायची, "माऽवशी!" मग आतून कुणीतरी यायचं आणि तिला आत न्यायचं. सगुणा वर बघायची नाही. वर बघितलं असतं तर तिला रडू आवरलं नसतं, आणि पोरांसमोर तिला रडायचं नव्हतं. शालू डबा तसाच परत आणते, हे खालच्या बायकांकडून कानावर येत होतं.

शनिवार आला. नाचणी भाजली, परात मांडली, पोरं गोल बसली. सगुणाने चिपटं भरलं आणि हात थांबला. 'लाभ' म्हणवेना आणि 'एक' तर जिभेवर येईना. चाळीस वर्षं ज्या शब्दाने दिवस सुरू झाला त्या शब्दाचीच तिला भीती वाटायला लागली. आपण एका पोरीचं वाटोळं केलं, आता या बाकीच्यांचंही करणार?

"लाभ म्हण ना, मावशी," भगवान म्हणाला.

तिने परात उचलून आत नेली. "आज बिस्किटं खा."

पुढचे आठ दिवस ओट्यावर ना कणीक आली, ना भेंडी, ना झावळी. पोरं भिंतीला टेकून बसायची आणि सात वाजायची वाट बघायची. शेवटी दामाजी भडकला. एरवी गोगलगाय, पण त्या दिवशी भडकलाच. "तू काय चोरी केलीस? दरोडा घातलास? माझा बाप तसाच मोजायचा, तुझा बाप तसाच मोजायचा. तोंड लपवून काय बसलीस?"

"माझ्यापायी पोरीची शाला गेली," सगुणा म्हणाली.

"मंग जा आन् सांग तिकडं, चूक पोरीची नाय, माझी हाय म्हणून."

हे तिच्या मनाला पटलं. दामाजीच्या आयुष्यात त्याचं बोलणं बायकोला पटल्याचे प्रसंग बोटावर मोजण्याएवढे. दुसऱ्या दिवशी पोरं त्याच्यावर सोपवून, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, डब्यात नाचणीचे लाडू घेऊन सगुणा स्टेशनपलीकडे गेली. ते लाडू तिने पहाटे एकटीने, न मोजता, अंदाजाने वळले होते.

शाळेच्या फाटकावर नाथा शिपाई. तो मालनच्याच बिल्डिंगीत तळमजल्याला राहायचा. "सगुणाबाय? इकडं कुठं? पाटी परत घेतली की काय?"

"तुझ्या मोठ्या बाईंना भेटायचाय. सोड मना."

नाथाने सोडलं. सगुणाला अडवण्याची छाती त्याच्यात नव्हती.

मुख्याध्यापिका चष्मा लावून काहीतरी लिहीत होत्या. सगुणा खुर्चीवर बसलीच नाही. उभ्या उभ्या, हात जोडून, एका दमात तिने सांगून टाकलं. "बाई, मी शालू शिंदेला सांभालते. लाभ बोलायला मी शिकवला तिला. चूक माझी हाय. मी अडाणी, मना तुमच्या शालंतला कलत नाय. पन पोरगी हुशार हाय वो. तिला एक बोलायला शिकवीन मी, आजच शिकवीन. तिला घ्या."

बाईंनी चष्मा काढला. कागद चाळले. "शालू शिंदे म्हणजे शलाका? कपाळाला वाटी लावणारी?" त्या हसल्या. चांगलं हसू होतं ते, चिडवणारं नव्हतं. "अहो, त्या दिवशी आलेल्या मुलांत वीसपर्यंत नीट मोजणारी ती एकटीच होती. आम्ही हसलो, पण मार्क पूर्ण दिले तिला. कोण शिकवतं म्हणून विचारलं ते कौतुकाने विचारलं."

"मंग घेतली का नाय?"

बाई जरा घुटमळल्या. "आमच्याकडे आई-वडिलांचीही मुलाखत असते. घरी कुणाला तरी इंग्रजी यायला हवं, असा कमिटीचा नियम आहे. वडील आले नव्हते. आईला इंग्रजीत दोन-तीन साधे प्रश्न विचारले, नाव काय, काय काम करता. त्यांना एकाचंही उत्तर देता आलं नाही. उठून बाहेर गेल्या. मलाच वाईट वाटलं. पण जागा आता भरल्या, बाई."

सगुणाने डबा टेबलावर ठेवला आणि निघाली. ती फाटकातून बाहेर पडली. मग जे तिचं डोकं तापलं म्हणता! अस्सं काय? नाचता येईना, अंगण वाकडं! स्वतःची फजिती झाली ती झाकायला माझी अब्रू वापरली? आठ दिवस मी पोरांना तोंड दाखवेना, हाताला पीठ लावेना, आणि ही बया मूग गिळून बसली? पुलावरून उतरताना सगुणा एकटीच मोठमोठ्याने बोलत होती, लोक वळून बघत होते. संध्याकाळी मालन आली की सगळ्या बिल्डिंगीला ऐकू जाईल असं बोलायचं, तिने ठरवून टाकलं. तीस वर्षं दारोदार मासळी विकलेली बाई ती. कुठल्या शब्दाला किती धार असते ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

संध्याकाळी मालन आली, आणि बोलवायलाही लागलं नाही. नाथाने जिन्यातच तिला गाठून सांगितलं होतं. ती घरी न जाता तशीच ओट्यापाशी आली. पोरं न्यायला दोन आया उभ्या होत्या, दामाजी दारात जाळं सांधत बसला होता.

"मावशी, तुम्ही शाळेत गेला होतात?"

"गेलेली."

"काय म्हणाल्या मॅडम?"

सगुणाने वर पाहिलं. शब्द अगदी ओठावर होते. मालनच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. पर्सचा पट्टा तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि नजर एकदा सगुणावर, एकदा त्या दोन बायकांवर जात होती. औषधांचा वास तिच्या साडीला तसाच होता. ही बाई आता आपल्या एका वाक्यावर उभी आहे, हे सगुणाला कळलं. राग होता, चांगला होता, आणि तो काही कुठे गेला नव्हता. पण सगुणा म्हणाली, "काय बोलनार? मोजन्यातच घोल झाला बोलल्या. माझीच चूक."

दुपारीच खरं काय ते ऐकलेल्या दामाजीचं जाळं हातातच राहिलं. मालनला ते खरं वाटेना.

"असं म्हणाल्या?"

"असाच."

"आणि आणखी काही म्हणाल्या?"

"बोलल्या असतील इंग्रजीत," सगुणा म्हणाली. "मी अडाणी. मना काय समजतंय?"

मालन तिथेच पायरीवर बसली. पदर तोंडावर घेऊन रडायला लागली. त्या दोन आयांना वाटलं, बिचारीला ॲडमिशनचं दुःख झालं, आणि त्या समजूत घालायला पुढे आल्या. "मावशी, मी तिथं..." मालनने रडत रडतच सुरुवात केली.

"गप," सगुणा म्हणाली. ती आत गेली, माठातलं पाणी घेऊन आली आणि तिच्या हातात तांब्या दिला. "पानी पी. मंग वर जा आन् पोरीला खाली घेऊन ये. आठ दिस नीट जेवली नाय ती. मी भात टाकते."